रात्रीचा दूरध्वनी

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्यास जाऊन आलो. धर्मप्रांताचे काही काम नव्हते, कोणाचे लग्न नव्हते की कोणाची गुरुदीक्षाही नव्हती. आमच्याकडे एक देणे राहिले होते आणि ते टपालाने पाठविता येण्याजोगे नव्हते. परत आल्यावर ज्या घरी ही हकीकत प्रथम सांगावयास हवी होती तेथे ती सांगून झाली. त्या घरच्यांची अनुमतीही मिळाली. म्हणून आता ती वाचकांपुढे मांडीत आहोत.

एप्रिल २०२१ चे दिवस वाचकांस आठवत असतीलच. कोरोनाची दुसरी लाट वसईच्या आपल्या गावांवरून जात होती. अंत्यविधीस चार माणसे उभी असत; तीही एकमेकांपासून दूर. देवळाचे दरवाजे लोकांसाठी बंद होते आणि रिकाम्या बाकांपुढे आम्ही मिस्सा अर्पण करीत होतो. दिवसभर फोन वाजे. कोणास खाट हवी असे, कोणास ऑक्सिजनचा सिलिंडर, कोणास रेमडेसिविर. आमच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. तरी लोक फोन करीत, कारण धर्मगुरूंची कोठे तरी ओळख असेल, असे त्यांस वाटे.

त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील एका रात्री पावणेदोनच्या सुमारास फोन वाजला. क्रमांक अनोळखी होता. आम्ही तो पाहिला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कितीतरी दिवस आम्ही स्वतःची अशी समजूत घालीत राहिलो की, आपण झोपेत होतो. आम्ही झोपेत नव्हतो. खाटेसाठी आणखी एक विनवणी असेल, आपण नाही म्हणू आणि मग झोप येणार नाही, असा विचार मनात आला. आणि आम्ही फोन पालथा घातला. वाजून वाजून तो थांबला.

सव्वादोन वाजता तोच क्रमांक पुन्हा वाजला. या वेळी उचलला. एका स्त्रीचा आवाज होता. मुखपट्टीआडून येत असल्यासारखा दबलेला, पण शुद्ध मराठीत. त्या म्हणाल्या, "फादर, मी बडोद्याहून नर्स बोलते आहे. तुमच्या गावचे एक गृहस्थ माझ्या वॉर्डात आहेत. मघाशी तुमची आठवण काढत होते. आता बोलत नाहीत. पण ऐकू येत असावं. मी फोन त्यांच्या कानाशी धरते. तुमची जी प्रार्थना असेल ती म्हणा."

आम्ही गृहस्थांचे नाव विचारले. ते आमच्याच धर्मग्रामाचे होते; वय अठ्ठेचाळीस. बडोद्याजवळ मकरपुऱ्याच्या कारखानदारी वसाहतीत नोकरीस होते आणि महिन्यातून एकदा गावी येत. त्यांच्या पत्नी त्या आठवड्यात स्वतःच आजारी होत्या आणि घराच्या एका खोलीत अलग राहत होत्या. आम्ही अंधारात गुडघे टेकले आणि पश्चात्तापाची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, जेवढे आठवले तेवढे म्हटले. पलीकडून यंत्रांचा आवाज तेवढा येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "झालं का फादर? मला दुसऱ्या खाटेकडे जायला हवं." पहाटे पाचच्या आत ते गृहस्थ गेले.

पुढच्या दिवसांतील धावपळीत आम्ही त्या बाईंचे आभारही मानले नाहीत. "मघाशी तुमची आठवण काढत होते" हे त्यांचे वाक्य मात्र मनात रुतून बसले. मघाशी म्हणजे केव्हा? पहिल्या फोनच्या वेळी त्यांना बोलता येत होते काय? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य गोळा करण्यास आम्हांस साडेतीन वर्षे लागली. अखेर एके दिवशी जपून ठेवलेल्या त्या क्रमांकावर फोन केला. तो वॉर्डाचा फोन होता. पण तेथील कोणी तरी निरोप पोचविला आणि दोन दिवसांनी बाईंचाच फोन आला. पत्ता सांगताना म्हणाल्या, "दांडिया बाजारात या, फादर. कोणालाही मराठीत विचारा, घर दाखवील."

आणि खरोखरच तसे घडले. स्टेशनातून निघून विश्वामित्री ओलांडली आणि शहराच्या जुन्या भागात शिरलो, तेव्हा कानांवर गुजराती पडत होती. सूरसागर तलावाच्या मध्यभागी उभी असलेली शंकराची प्रचंड मूर्ती दिसली. आणि तेथून जवळच असलेल्या दांडिया बाजारात एका दुकानदारास पत्ता विचारला, तर त्याने आम्हांस मराठीत उत्तर दिले. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १८७५ पासून १९३९ पर्यंत गादीवर असलेल्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या सेवेत होते. त्यांचे निवासस्थानही याच दांडिया बाजारात जतन केलेले आहे. अशा या वस्तीत, एका जुन्या लाकडी वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, त्या परिचारिकाबाई राहतात. त्यांचे नाव येथे देत नाही. तशी त्यांची इच्छा आहे.

घरात बाई, त्यांचे यजमान, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई अशी चार माणसे. सासूबाईंनी आमच्यापुढे शेवउसळीची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी खा फादर, मग बोला. ही सुरू झाली की थांबायची नाही." पण सून फारशी बोलणारी नव्हतीच. विचारावे तेवढे सांगत होती. आणि जे अवघड, ते सांगण्यापूर्वी खिडकीबाहेर पाहत होती.

त्यांनी सांगितले ते असे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगास महामारी म्हटले. २२ मार्चच्या रविवारी सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी टाळ्या व थाळ्या वाजविल्या. दांडिया बाजारातही गॅलऱ्या भरून गेल्या. बाई त्या वेळी कामावरून परतत होत्या. शेजाऱ्यांनी वरून हाक मारून त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या. त्यांना रडू आले. २५ मार्चपासून देश बंद झाला. दहा-बारा दिवसांनी त्याच शेजाऱ्यांपैकी एक बाई दाराबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "राग मानू नका, पण आमच्या घरात लहान मूल आहे. तुम्ही पुढच्या जिन्यानं येऊ-जाऊ नये, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मागचा जिना आहेच."

हा मागचा जिना म्हणजे काय, ते आम्ही पाहिले. वाड्याच्या पाठीमागे, अरुंद बोळात उतरणारा लोखंडी, फिरता जिना. पूर्वीच्या काळी मैला वाहणारी माणसे ज्या वाटेने येत, ती ही वाट. घरच्या माणसांनी तिला पाय लावू नये, असा दंडक होता आणि सासूबाईंनी तो लग्न होऊन आल्यापासून कसोशीने पाळला होता. सून काही न बोलता मागच्या जिन्याने जाऊ लागली. भांडण्याइतकी शक्ती अंगात उरत नव्हती, असे त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या निघाल्या, तो मागून काठीचा आवाज आला. सासूबाई त्याच जिन्याने खाली उतरत होत्या. गुडघे दुखत होते, एका हाताने कठडा धरला होता. "कोठे निघालात?" असे विचारता म्हणाल्या, "तुला पोचवायला. माझी सून या वाटेनं जाणार असेल, तर ही वाट घरचीच." पुढे कित्येक महिने, रोज, सहा फुटांचे अंतर राखून त्या सुनेला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवीत. आम्ही सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी काही मोठं केलं नाही. त्या जिन्यानं येणाऱ्यांना मी पन्नास वर्षं पाणी वरून ओतलं होतं. ते आठवलं, इतकंच."

वाचकहो, आम्ही या वाक्यावर भाष्य करीत नाही. आपापल्या घरामागचा जिना ज्याने त्याने पाहावा.

रुग्णालयातील काम कसे असे, तेही विचारले. पीपीई किट चढविण्यास पंधरा-वीस मिनिटे लागत. एकदा चढविले की पाळी संपेपर्यंत, सहा-सहा, आठ-आठ तास, पाणी पिता येत नसे की लघुशंकेस जाता येत नसे. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात आत घामाच्या धारा लागत. चष्म्यावर वाफ धरे. दुहेरी हातमोज्यांतून रुग्णाची नाडी सापडत नसे. सर्व सारखेच दिसत, म्हणून पाठीवर खडूसारख्या जाड पेनाने नाव लिहीत. रुग्णांस माणसाचा चेहरा म्हणून दिसत नसे, केवळ डोळे दिसत. "तेव्हा मी डोळ्यांनी हसायला शिकले," त्या म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या. घरी आल्यावर मागच्या जिन्याच्या वरच्या धाप्यावर बादलीत कपडे भिजवावयाचे, तेथेच अंग धुवावयाचे आणि गच्चीवरील खोलीत एकटीने जेवावयाचे. मुलगी तेव्हा दहावीत होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ती आईस धडे वाचून दाखवी.

सप्टेंबर २०२० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव रुग्णालयातील कोरोना कक्षास आग लागली. सुदैवाने रुग्णांस वेळीच बाहेर काढण्यात आले आणि प्राणहानी झाली नाही. दांडिया बाजारातच अग्निशामक दलाचे ठाणे आहे. त्या दिवसापासून बंबाची घंटा ऐकू आली की सासूबाई देवापुढे बसत आणि सून घरी येईपर्यंत उठत नसत.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा प्रथम मान आरोग्यसेवकांचा होता. बाईंनी लस घेतली आणि सर्वांसच वाटले, संकट सरले. पण एप्रिल उजाडला आणि पहिली लाट म्हणजे नुसती तालीम होती, असे दिसून आले. खाटा पुरेनात. शहरातील जहांगीरपुरा मशिदीत पन्नास खाटा मांडण्यात आल्या. अटलादऱ्याच्या स्वामिनारायण मंदिराच्या आवारात रुग्णालय उभे राहिले. खासवाडीच्या स्मशानात रात्रभर चिता जळत होत्या. मनुष्य संकटात सापडला म्हणजे देवाच्या घरांना भिंती आड येत नाहीत, हे त्या शहराने दाखविले.

त्याच दिवसांत जिन्याविषयी बोलणाऱ्या शेजारीणबाई आजारी पडल्या. त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रातील आकडा खाली खाली येत होता आणि खाट कोठेच मिळत नव्हती. रात्रपाळी करून आलेली ही परिचारिका किट नसतानाच, दोन मुखपट्ट्या बांधून त्यांच्या घरात गेली. त्यांना पालथे निजविले, उशा कोठे ठेवावयाच्या ते मुलास दाखविले, दर दोन तासांनी कूस कशी बदलावयाची ते शिकविले आणि खाट मिळेपर्यंत दोन दिवस ये-जा केली. त्या बाई वाचल्या. त्यानंतर पुढच्या जिन्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. क्षमाही कोणी मागितली नाही. "मग आता आपण कोठून जाता?" आम्ही विचारले. त्या हसल्या. "मागूनच. सवय झाली. आणि रिक्षा त्या बोळाजवळ लवकर मिळते."

आता आमच्या प्रश्नाची वेळ आली होती. चहाचा पेला हाती धरून आम्ही कितीतरी वेळ तो फिरवीत बसलो. शेवटी विचारले, "बाई, त्या रात्री आपण आम्हांस दोनदा फोन केला. पहिल्या फोनच्या वेळी ते बोलत होते काय?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मग सांगितले. वॉर्डातील सर्वांची भाषा गुजराती. त्या गृहस्थांना गुजराती चांगली येत असे. पण तापात ती त्यांना सोडून गेली आणि ते गावच्या बोलीत काही म्हणू लागले. दुसऱ्या परिचारिकांना ते कळेना, म्हणून त्यांनी मराठी येणाऱ्या या बाईंना बोलाविले. मनगटास जपमाळ बांधलेली होती. "काका, पाणी देऊ का?" असे मराठीत ऐकताच त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "फादरना बोलवा. त्यांनाच सांगायचं आहे." खिशातील कागदावर आमचा क्रमांक होता. त्यांचा स्वतःचा फोन बंद पडला होता, म्हणून बाईंनी वॉर्डाचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन त्यांच्या तोंडाशी धरला. तो वाजत राहिला.

"मग?" आम्ही विचारले.

"मग ते म्हणाले, 'उचलत नाहीत का? दमले असतील. झोपू द्या त्यांना.' त्यानंतर त्यांची धाप वाढली. पुढं बोलले नाहीत."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांस काय सांगावयाचे होते, हे आता या जगात कोणासही कळणार नाही. पापनिवेदन असेल, घराविषयी काही असेल, मुलांसाठी शब्द असेल. ते आमच्या कानांसाठी होते आणि आमचे कान त्या वेळी झोपेचे सोंग करून होते. आम्ही बाईंना तसे सांगितले. प्रथमच मोठ्याने सांगितले. त्यांनी आमचे सांत्वन केले नाही, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, त्या वॉर्डात एकाला पाणी दिलं की दुसरा राहायचा. रोज कोणी तरी राहायचंच. त्याचा हिशोब मांडत बसले असते, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नसतं. म्हणून मी एक ठरवलं होतं. राहिलेल्याकडे पुन्हा एकदा जायचं. उशीर झाला असला तरी. त्यामुळं तुम्हाला दुसऱ्यांदा फोन केला."

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल, म्हणून थोडे विषयांतर करतो. दूरध्वनीवरून प्रायश्चित्त संस्कार होत नाही, रुग्णाभ्यंगही होत नाही. त्यासाठी धर्मगुरूंची उपस्थिती लागते. मग असा मनुष्य रिक्त हस्तेच गेला काय? तसे नव्हे. २० मार्च २०२० रोजी रोमहून प्रायश्चित्तविषयक धर्मपीठाने फर्मान काढून कोरोनाने पीडित असलेल्यांस आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस पूर्ण दंडमुक्ती दिली होती. ज्यांस अभ्यंग मिळणे अशक्य, त्यांस अखिल ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेचा आधार दिला होता. त्यानंतर सातच दिवसांनी, पावसात भिजणाऱ्या रिकाम्या चौकात उभे राहून परमगुरु फ्रान्सिस यांनी जगासाठी आशीर्वाद दिला, तोही पुष्कळांनी पाहिला असेल. दुसरी शंका दहनाविषयी. या गृहस्थांचा देह गावी आणता आला नाही. बडोद्यासच दहन झाले. कित्येक वृद्धांनी तेव्हा आम्हांस विचारले, हे पाप नव्हे काय? ख्रिस्तसभेने १९६३ सालापासून दहनास मुभा दिलेली आहे. मात्र रक्षा घरी ठेवू नये वा विखुरू नये, पवित्र जागी ठेवावी, असा २०१६ सालचा स्पष्ट निर्देश आहे. त्याप्रमाणे त्यांची रक्षा आपल्या दफनभूमीत, त्यांच्या आईवडिलांजवळ विसावली आहे.

महामारीत रुग्णाजवळ बसणे ही काही आजची गोष्ट नव्हे. १५९१ साली रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करताना संत अलॉयसियस गोंझागा तेविसाव्या वर्षी मरण पावले. आपल्याच महाराष्ट्रात १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्यांच्या उशाशी कोण बसले होते, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. आता आपण त्या दिवसांविषयी बोलावयाचेही टाळतो. हे बरे नव्हे. ज्यांनी ते दिवस अंगावर काढले, त्यांच्या घरी जाऊन एकदा तरी ऐकावे; आणि ज्यास फोन उचलता आला नाही, त्याने तसे सांगावे.

दांडिया बाजाराहून परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडीत होत्या. आम्ही पावणेदोनच्या फोनपासून सर्व सांगितले. काहीही लपविले नाही. त्या ऐकत राहिल्या. हात कळ्यांवर तसाच थांबला. त्या रागावतील, रडतील, की आमच्या तोंडावर दार लावतील, कशासही आमची तयारी होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "फादर, ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज कसा होता? घाबरलेला होता का?"

हे आम्ही विचारलेच नव्हते. इतक्या लांब जाऊन आम्ही आमच्याच अपराधाविषयी विचारून आलो होतो.

आम्ही त्यांना बडोद्याचा क्रमांक दिला. त्यांनी त्याच दिवशी फोन केला. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मात्र तेव्हापासून त्या दोघी दर पंधरवड्यास एकमेकींशी बोलतात. आणि या उन्हाळ्यात ती परिचारिका आपल्या सासूबाईंना घेऊन गावी यावयाची आहे. सासूबाईंनी निरोप पाठविला आहे की, घराला जिना असल्यास खालीच खाट टाकावी.

आमचा फोन रात्री आता उशाशी असतो. तो सुलटाच ठेवतो.